न च भारकारि

गुरुवारी रात्री साडेआठला मी वेंगुर्ल्यात लॅपटॉप उघडते तेव्हा वर्गातल्या माझ्या मैत्रिणीकडे, तिच्या देशात, संध्याकाळचे सहा झालेले असतात. हिवाळ्यात पाच, कारण तिकडे घड्याळं तासभर मागे घेतात. आमच्या वहिनीला हे अजून पटलेलं नाही. "सरकारान सांगल्यान म्हणान सूर्य आयकता?" असं तिचं म्हणणं.

आमचा हा वाचनवर्ग टाळेबंदीत सुरू झाला. विषय सांत भूमिती, म्हणजे मोजक्याच बिंदूंची भूमिती; निरनिराळ्या देशांतले अकरा-बारा जण, त्यातले बरेचसे माझ्यासारखे निवृत्त. एकतीस वर्षं कॉलेजात गणित शिकवल्यावर आता आठवड्यातून एकदा दुसऱ्याचं शिकवणं ऐकायला मजा येते. ती २०२२च्या शेवटी वर्गात आली. डिसेंबरातला गुरुवार होता. स्क्रीनवरचा एक चौकोन एकदम काळा झाला आणि आतून आवाज आला, "माफ करा, वीज गेली. पण मी आहे." मी लगेच माइक उघडून म्हटलं, "आमच्याकडे पहिला पाऊस पडला की जाते. तुझ्याकडे इन्व्हर्टर नाही का?" सगळे गप्प. मग कुणीतरी मला एकटीला निरोप पाठवला की बाई, ती युक्रेनमधली आहे, त्यांच्या वीजकेंद्रांवर ऑक्टोबरपासून क्षेपणास्त्रं पडताहेत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला मात्र हसू आलं होतं. पुढच्या गुरुवारी तिने आल्या आल्या विचारलं, "कोकणात आज लाइट आहे का?" तिथून आमची मैत्री जमली.

तिचं नाव लिहीत नाही, तिने नको म्हटलंय. ती खेरसोनची, नीपर नदीच्या काठावरच्या शहरातली. २ मार्च २०२२च्या सुमाराला शहर रशियन सैन्याच्या ताब्यात गेलं. पुढे तिच्या विद्यापीठाने आपला कारभार देशाच्या पश्चिम टोकाला, इव्हानो-फ्रांकिव्स्कला हलवला. कारभार म्हणजे नोंदी, शिक्के, वेतनपत्रकं, वेळापत्रक. इमारत कुठे हलते? शहरात मागे राहिलेल्यांपुढे प्रश्न आला: नव्या धन्याच्या विद्यापीठात शिकवायला जायचं की घरी बसायचं. ती घरी बसली. स्वयंपाकघरातून फोनवर पाच-सहा मुलांना शिकवत राहिली. नेट असेल तेव्हा. त्यातली दोन मुलं एकाच मजल्यावर, भिंतीपलीकडे राहायची, पण जमलेलं कुणाला दिसू नये म्हणून तीही फोनवरच.

जुलैत ती आईला घेऊन निघाली. युक्रेनच्याच हातात राहिलेल्या झापोरिझ्झियाकडे जाणाऱ्या वाटेवर वासिलिव्का नावाचं गाव आहे, तिथला तपासणी नाका शेवटचा. बॅगा उघडायच्या, फोन उघडायचे, गाड्यांची रांग दिवसच्या दिवस. निघायच्या आदल्या रात्री तिने ठरवलं की हाताने लिहिलेला एकही कागद बरोबर घ्यायचा नाही. सहा जाड वह्या होत्या. एकोणीस वर्षांत जमवलेली ३१२ गणितं, प्रत्येकाखाली कुठल्या वर्षी कुठल्या मुलाने काय चूक केली त्याची टीप. ग्रीक अक्षरं, बाण, ठिपके, ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा.

"तो विशीतला सैनिक," ती म्हणाली, "त्याला मी काय समजावणार होते? की हा आलेख आहे, नकाशा नाही?"

वह्या कपाटात राहिल्या. ११ नोव्हेंबरला शहर सुटलं. आता जाऊन आणू, असं म्हणेपर्यंत समोरच्या काठावरून तोफा सुरू झाल्या, कारण तो काठ अजून त्यांच्याच हातात. मग ६ जून २०२३ला वरच्या अंगाचं काखोव्काचं धरण फुटलं. तिचं घर सखल भागात, तळमजल्यावर. पाणी उतरल्यावर शेजाऱ्याने फोटो पाठवला. कपाट आडवं पडलं होतं आणि खालच्या कप्प्यात नुसता गाळ.

हे तिने वर्गात सांगितलं तेव्हा आमच्यातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी, अगदी मायेने, तिचं सांत्वन केलं. म्हणाले, पण ज्ञान तर तुझ्या डोक्यात आहे, ते कोण नेणार? आणि गणिताला तसं लागतं काय, खडू आणि फळा.

मीही हे मुलांना शंभर वेळा ऐकवलंय. आमच्या आरोंद्याच्या शाळेच्या दारावर निळ्या रंगात रंगवलेलं होतं: न चोरहार्यं न च राजहार्यं न भ्रातृभाज्यं न च भारकारि. चोर नेत नाही, राजा हिरावत नाही, भाऊ वाटणी मागत नाही, आणि ओझंही होत नाही. चौथीत पाठ केलं ते अजून मुखात आहे. पण त्या गुरुवारी मला त्या ओळीतल्या शेवटच्या तीन शब्दांवर पहिल्यांदा थांबायला झालं, आणि डोळ्यांपुढे आली ती गोंयच्या मास्तरांची ट्रंक.

मास्तर आमच्या मागच्या घरात भाड्याने राहायचे. माझा जन्म १९६०चा, म्हणजे मी त्यांना पाहिलं ते सगळं घडून गेल्यावर. घडलं त्यातलं बरंचसं आजीकडून कळलं, थोडं त्यांच्या बायकोकडून. मास्तर स्वतः त्याबद्दल बोलत नसत.

आरोंदा म्हणजे तेरेखोल खाडीचा अलीकडचा काठ. पलीकडे किरणपाणी, पेडणे तालुका, गोवा. आता तिथे पूल आहे, गाडी तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात जाईपर्यंत राज्य बदलतं. तेव्हा होडी होती आणि पलीकडे पोर्तुगीज राज्य. मास्तर पेडण्यातल्या एका खासगी मराठी शाळेत गणित आणि मराठी शिकवत. १९४६च्या जूनमध्ये राममनोहर लोहिया मडगावला बोलले आणि त्याच वर्षी गोव्याच्या लढ्यातले पुढारी त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना लष्करी कोर्टापुढे उभं करून पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबलं, तेव्हापासून गावोगावच्या शिकलेल्या माणसांवर नजर होतीच. मास्तर काही पुढारी नव्हते. अंकलिप्यांच्या गठ्ठ्यात पत्रकं दडवून देण्यापर्यंतच त्यांची मजल. मग १५ ऑगस्ट १९५५ला बांद्याकडून आत शिरलेल्या सत्याग्रहींवर पत्रादेवीला गोळीबार झाला, माणसं मेली, आणि सरहद्द बंद झाली. त्यानंतर महिनाभराने एका रात्री शाळेचा शिपाई परसदारी येऊन सांगून गेला की यादीत तुमचं नाव आहे.

खाडीला पाणी चढलेलं होतं. तांडेल म्हणाला, माणसं नेतो, सामान नको. होडी जड झाली की वल्ह्याचा आवाज होतो. बायको, तीन वर्षांची मुलगी, एक गाठोडं. ट्रंक राहिली.

ट्रंकेत होत्या अकरा वह्या. मास्तर मापं गोळा करत असत. भात मोजायच्या पायलीचं माप एका वाड्यात एक, दुसऱ्या वाड्यात दुसरं. मिठाचं वेगळं, सुक्या मासळीचं वेगळं, काथ्याचं वेगळं. ती मापं कोण कसं धरतं, भरताना शीग लावतात की सपाट करतात, मोजताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' का म्हणतात. आणि ही मापं तोंडी हिशोबात बसवायला बायका नि कोळी कुठल्या कोष्टकांचा आधार घेतात. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, असे सगळे अपूर्णांकांचे पाढे. पंधरा वर्षं सुट्टीच्या दिवशी चालत जाऊन, बाजारात उकिडवं बसून लिहिलेलं. या कामाला कुणी त्या काळी संशोधन म्हटलं नसतं. मास्तरांकडे पदवी नव्हती आणि पेडण्यात विद्यापीठ नव्हतं. पण एकतीस वर्षं मी प्रबंधांच्या ढिगात काढली आहेत, त्या जोरावर सांगते, ते संशोधनच होतं.

आजी म्हणायची, "मास्तराक घराचा कायएक नाय गो, तेचो जीव त्या ट्रंकेत रवलो."

न च भारकारि! अकरा वह्या नि एक लोखंडी ट्रंक. ओझं झालं म्हणूनच पलीकडे राहिली ना?

ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांची सोबत शोधण्याचा मला नाद लागला. आमच्याकडे परागंदा म्हटलं की लोकांना रत्नागिरीचा थिबा पॅलेस आठवतो. बरोबरच आहे. १८८५च्या युद्धानंतर इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या राजाला उचलून आणून कोकणात ठेवलं आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. गादीवर बसण्याआधी तो मठात शिकलेला आणि पालीच्या परीक्षा दिलेला होता, हे मात्र पॅलेस बघायला जाणाऱ्यांच्या गावीही नसतं. पण राजा तो राजा, त्याला बंगला मिळाला. मला मास्तर लोक हवे होते.

आणि शोधता शोधता सापडला तो माणूस बघा. लुडविक स्टर्नबाख, पोलंडमधल्या क्राकूव्हचा संस्कृत पंडित. ६ नोव्हेंबर १९३९ला जर्मनांनी त्या शहरातल्या प्राध्यापकांना व्याख्यानाला म्हणून बोलावून घेतलं आणि १८३ जणांना पकडून छळछावणीत धाडलं. स्टर्नबाख त्या युद्धात देश सोडून निघाले ते मुंबईत पोचले, तिथे प्राचीन भारतीय संस्कृती शिकवू लागले. पुढे न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी, मग पॅरिस. आणि जन्मभर त्यांनी गोळा काय केलं? सुभाषितं. चाणक्याच्या नावावर फिरणारी वचनं, त्यांचे पाठभेद, कुठलं कुठून कुठे गेलं. होशियारपूरहून १९७४पासून त्यांच्या महासुभाषितसंग्रहाचे खंड निघू लागले. १९८१ मध्ये ते गेले तेव्हा काम पुरं झालेलं नव्हतं. दाराच्या चौकटीवरची आमची ओळ अशा माणसाने वाचली असेल तेव्हा 'भारकारि'पाशी तो काय पुटपुटला असेल, असा विचार माझ्या मनात येतो. असो. तो पंडित होता, मी आपली अंदाज बांधतेय.

दुसरा माणूस तर माझ्या हाताखालूनच गेला होता. एम.एस्सी.च्या मुलांना मी वर्षानुवर्षं 'लेव्ही ग्राफ' शिकवला. फळ्यावर काढायची आणि म्हणायची, समजा सात वाड्या आहेत नि सात एसट्या. प्रत्येक एसटी तीनच वाड्यांत थांबते. प्रत्येक वाडीत तीनच एसट्या येतात. आणि कुठल्याही दोन वाड्या घ्या, त्या दोन्हीकडे थांबणारी एसटी नेमकी एक. आता वाडीला एक ठिपका द्या. एसटीलाही ठिपकाच द्या. जी एसटी ज्या वाडीत थांबते तिथे रेघ मारा. चौदा ठिपके, एकवीस रेघा. वाडी कुठली आणि गाडी कुठली, हे आता चित्रावरून ओळखता येत नाही. मुलं खूश व्हायची. एकदा एकाने विचारलं, मॅडम, आमच्या वाडीत एकच येते, ती पण बंद पडते, त्याचं काय? त्याला मी पूर्ण गुण दिले असते.

फ्रीडरिश लेव्ही कोण, हे मला एकतीस वर्षांत शोधावंसं वाटलं नाही. तर हा लाइपझिगचा प्राध्यापक. १९३३ मध्ये हिटलरने ज्यू लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढायचा कायदा केला, लेव्हींची नोकरी १९३५ मध्ये गेली. त्यांना बोलावलं कलकत्ता विद्यापीठाने, तेही गणित विभागाचे प्रमुख म्हणून. १९४०च्या फेब्रुवारीत त्यांनी कलकत्त्यात सहा जाहीर व्याख्यानं दिली, ती १९४२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली, आणि त्यातून तो ग्राफ आला. पुढे चार वर्षं ते मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटमध्ये होते, १९५२ मध्ये बर्लिनला परतले. म्हणजे माझ्या फळ्यावरची आकृती विस्थापिताची होती आणि जन्मली होती आपल्याकडेच. मी ती कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकातून उतरवून घेत होते.

आपण पाहुणचार नीट केला, असं वाटून छाती फुगायच्या आत बंगळूरची गोष्ट वाचली. माक्स बॉर्न, क्वांटम सिद्धांताचा मोठा माणूस. तोही जर्मनीतून हाकललेला. सी. व्ही. रामन यांनी त्याला १९३५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बोलावलं, सहा महिने झाल्यावर कायमची जागा द्यावी म्हणून बैठकीत प्रस्ताव मांडला. बॉर्न समोर बसलेला असताना एका इंग्रज प्राध्यापकाने उठून सांगितलं की स्वतःच्या देशाने घालवून दिलेला दुय्यम दर्जाचा परदेशी माणूस आपल्याला कशाला हवा. बॉर्नने पुढे लिहून ठेवलंय की घरी जाऊन तो बायकोपाशी रडला. जागा मिळाली नाही. तो एडिंबराला गेला, १९५४ मध्ये नोबेल मिळालं. आता नोबेल मिळालं म्हणून त्या संध्याकाळची भरपाई झाली, असा हिशोब मी तरी मांडणार नाही. ज्यांना नोबेल मिळालं नाही ते किती जण अशाच बैठकीतून उठून घरी गेले असतील, त्यांचं कोण लिहून ठेवतं?

हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला अजून असं कुणी बोललं नाही. मला सगळे सहानुभूतीने वागवतात. तेच थकवतं." मग थोडं थांबून, "मी वीस वर्षं अवघड पेपर काढणारी बाई म्हणून ओळखली जायचे. मुलं मला घाबरायची. आता मला पाहून लोकांचा आवाज हळू होतो."

मास्तरांच्या बाबतीतही आरोंद्याने हेच केलं असणार. आमच्या गावाने त्यांना वाईट वागवलं नाही. शाळेत कायमची जागा नव्हती, रजेवरच्या शिक्षकाच्या जागी बोलावत, बाकी शिकवण्या. तांदूळ, नारळ कुणी ना कुणी पोचतं करायचं. पण लग्नकार्यात त्यांना आग्रहाने पुढच्या पाटावर बसवायचे ना, तेव्हा ते अवघडून जायचे हे मला लहानपणीही दिसायचं. त्यांच्या गावी ते पंगतीत वाढायला उभे राहायचे.

तिच्याकडून मला आणखी एक गोष्ट कळली, जी माझ्या डोक्यात अजून फिरते आहे. पूर्व युक्रेनमधल्या दोनेत्स्कचा ताबा रशियाच्या बाजूच्या लोकांनी घेतला, तेव्हा तिथलं विद्यापीठ २०१४ मध्येच शहर सोडून विनित्सियाला गेलं. हिऱ्यांना पैलू पाडायचा एक जुना कारखाना होता, त्या इमारतीत त्यांना जागा मिळाली. पण दोनेत्स्कमधल्या मूळ इमारतींतही, ताबा घेणाऱ्यांनी, त्याच नावाने विद्यापीठ चालू ठेवलं. म्हणजे एका नावाची दोन. एकाकडे इमारत आहे, ग्रंथालय आहे, प्रयोगशाळा आहे. दुसऱ्याकडे निघून आलेले मास्तर आणि मुलं. पुढे विनित्सियावाल्यांनी आपल्या नावात वासिल स्तूस हे नाव जोडलं. हा कवी दोनेत्स्कला शिकलेला, सोव्हिएत छावणीत १९८५ मध्ये मेलेला, आणि जन्मलेला विनित्सियाच्याच मुलखात. मी तिला विचारलं, मग खरं कुठलं? ती म्हणाली, "तुम्ही गणिताच्या बाई ना? व्याख्या द्या, मग सांगते."

व्याख्या देणं सोपं नाही. इस्रायलच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमधल्या बिरझैत या पॅलेस्टिनी विद्यापीठाचे अध्यक्ष हन्ना नासिर, भौतिकशास्त्राचे माणूस, यांना इस्रायलने १९७४च्या नोव्हेंबरात सरहद्दीपलीकडे लेबनॉनमध्ये नेऊन सोडलं. ते परतले १९९३ मध्ये. एवढी वर्षं अध्यक्ष तेच राहिले, कारभार जॉर्डनमधल्या अम्मानहून. पहिल्या इंतिफादात, म्हणजे पॅलेस्टिनींच्या उठावात, इस्रायली लष्कराने विद्यापीठाला चार वर्षांहून अधिक काळ कुलूप लावलं, तेव्हा वर्ग लोकांच्या घरांतून चालले. तिथे माणूस बाहेर आणि इमारत आत, मग इमारतही बंद, तरी विद्यापीठ चालूच. वर्ग घरात भरवणं हा गुन्हा कसा होतो, हे खेरसोनच्या बाईला समजावून सांगावं लागलं नाही.

मास्तरांचं पुढे काय झालं ते सांगते. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. जानेवारीत मास्तर दिवसाउजेडी होडीतून किरणपाणीला उतरले. घरात पुतण्या राहत होता. त्याने नीट वागवलं, चहा दिला, माळ्यावरून ट्रंक काढून दिली. त्याने ती उघडलीही नव्हती. मास्तरांनी कडी काढली तर आत वाळवीचं वारूळ. अकरा वह्यांची मिळून मातीची एक ढेप. वर मधेच कुठे निळ्या शाईचा ठिपका.

ट्रंक त्यांनी परत आणली. आमच्या मागच्या पडवीत ती असायची, त्यांची बायको तिच्यात कुळीथ ठेवायची.

मास्तर पेडण्याला राहायला गेले नाहीत. का, ते मला नक्की माहीत नाही. शाळेत त्यांच्या जागी दुसरा माणूस होता, ही एक गोष्ट. सहा वर्षांत मुलगी आरोंद्याची झाली होती, ही दुसरी. पण आजीचं म्हणणं वेगळं होतं. तोवर आपल्याकडे १९५७ला नये पैसे आले होते, १९५८पासून किलो आले होते, आणि मुक्तीनंतर पलीकडेही तेच येणार हे उघड होतं. मास्तर परत बाजारात उकिडवे बसले असते तरी मोजायला पायली राहणार नव्हती. वह्या परत लिहायच्या तर कुणाला विचारून?

तरी त्यांनी एक लिहिली. आठवून. आरोंद्यातच, सरहद्द बंद होती तेव्हाच, १९५८ साली. ती वही त्यांच्या मुलीने मला दिलीय, सात-आठ वर्षं झाली. मी ती कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवली होती आणि खरं सांगायचं तर उघडली नव्हती. पाऊणकी मला मास्तरांनीच शिकवली; दुपारी पडवीत बसवून, सात पाऊण सव्वापाच, तेरा पाऊण पावणेदहा, असं घोकून घ्यायचे. चुकलं तर पहिल्यापासून. वही उघडली की तो आवाज ऐकू येणार, म्हणून टाळत होते बहुधा.

गेल्या महिन्यात तिने विचारलं, "तुमच्या त्या मास्तरांनी आठवून लिहिलं, ते आधी काय लिहिलं? सोपं की अवघड?" ती स्वतः तिची ३१२ गणितं आठवून लिहायला बसली आहे. एकेचाळीस झालीत. म्हणे गणितं आठवतात, पण खालच्या टिपा आठवत नाहीत, कुठल्या मुलाने काय चूक केली ते. आणि टिपांशिवाय ती गणितं कुठल्याही पुस्तकातल्यासारखी दिसतात.

मग मी वही काढली. पहिली चाळीस पानं कोष्टकं, सुबक, एकही खाडाखोड नाही. ती कुणालाही आठवतील, मलाही येतात. त्यानंतर मापं सुरू होतात आणि अक्षर बदलतं. ओळीमागे ओळ कोरी सोडलेली. "कोरगावची पायली:" आणि पुढे काही नाही. "मिठागरावरचं माप:" आणि पुढे दोन आकडे, दोन्ही खोडलेले. समासात बारीक अक्षरात आपणच आपल्याला दिलेल्या सूचना. हे अमक्यास विचारणे. ते तमकीस विचारणे. सगळी माणसं पलीकडच्या काठावरची. आमच्या घाटावर उभं राहिलं तर तिकडच्या चुलींचा धूर दिसतो, एवढ्या अंतरावरची.

एका पानाचा फोटो काढून मी तिला पाठवला. तिने लगेच विचारलं, या ओळीखाली दोनदा रेघ मारलीय, काय लिहिलंय? मी भाषांतर करून पाठवलं: "तिसऱ्यांचा एक वाटा म्हणजे पायलीचा कितवा हिस्सा? किरणपाणीच्या तांडेलास विचारणे." तिसऱ्या म्हणजे काय, हे सांगायला शिंपल्यांचे फोटो पाठवावे लागले. वाटा म्हणजे काय, हे सांगताना माझीच पंचाईत झाली, कारण वाटा मोजून लावत नाहीत, नजरेने लावतात. मग हिस्सा कितवा, हे मास्तर विचारणार तरी कसं होते? की तांडेलाच्या बायकोची नजर किती पक्की होती, ते त्यांना मोजायचं होतं?

तिने तेवढंच विचारलं, "मग विचारलं का कुणी?"

मी म्हटलं, अजून नाही. तांडेल कधीच गेला असणार. पण त्याचं कुणीतरी असेल, आणि किरणपाणीच्या बाजूला बायका अजून तिसऱ्या घेऊन बसतात. या रविवारी जाऊन येते. वेंगुर्ल्याहून सकाळची एसटी आहे, आली तर.